‘बोली’ : अर्थ आणि पर्याय

‘बोली’ या शब्दाचा पर्याय विचारला असता सुशिक्षित वाचक बहुधा ‘भाषा’ असे उत्तर देतो, आणि लगेच एक पायरी खाली उतरून पुस्ती जोडतो की, बोली म्हणजे प्रमाणपदास न पोहोचलेली भाषा. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी यांच्या संदर्भात हा अर्थ रूढ आहे, हे खरे. परंतु तोच या शब्दाचा मुख्य अर्थ आहे असे मानल्याने मराठीचे नुकसान झाले आहे.

‘अर्ध्या पिकाच्या बोलीवर शेत कसावयास दिले’ या वाक्यात बोली म्हणजे अट किंवा करार होय. लिलावात जो बोली लावतो तो शब्द उच्चारताच किंमत देण्यास बांधला जातो. लग्नाची ‘बोलणी’ होतात. नवस ‘बोलला’ जातो आणि तो फेडावा लागतो. (बोलणी खावीही लागतात; पण तो निराळा प्रकार.) या सर्व प्रयोगांत बोलणे म्हणजे निव्वळ ध्वनी काढणे नव्हे, बोलणारा स्वतःस गुंतवून घेतो. ज्ञानेश्वरांनी 1290 साली आपल्या मराठीचा अभिमान सांगताना ‘बोल’ हाच शब्द योजिला, तेव्हा त्यांस काही कमीपणा सुचवावयाचा नव्हता, हे उघडच आहे.

पर्याय म्हणून दिले जाणारे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. वाचा ही शक्ती आहे : ती बसते, जाते, फुटते, बोली बसत नाही. वाणीस आदराचा स्पर्श आहे, म्हणून संतांची वाणी असते आणि लिलावात ती लावता येत नाही. परा, पश्यंती, मध्यमा यांच्या मागून येणारी वैखरी ही प्रत्यक्ष उच्चारलेली वाणी. व्यवहारात मात्र तो शब्द पुष्कळदा उपहासाने येतो. फारसीतून आलेली ‘जबान’ दिली म्हणजे वचन दिले, आणि ‘जबानी’ दिली म्हणजे साक्ष. खुद्द ‘भाषा’ हा शब्दही या व्यवहारापासून अलिप्त नाही. धर्मशास्त्रातील न्यायव्यवहाराचा पहिला पाद ‘भाषापाद’, म्हणजे वादीचे निवेदन. आणि मराठीत वचनवाचक ‘भाक’ हा भाषेचाच तद्भव. तात्पर्य, भाषा वरची व बोली खालची ही उतरंड शब्दांत नाही. ती मागाहून लादलेली आहे.

ही उतरंड कोठे टोचते, ते महाराष्ट्राबाहेर अधिक स्पष्ट होते. चेन्नईच्या दक्षिणेचे वेलचेरी हे एके काळी तळ्याकाठचे खेडे होते. तेथील दंडीश्वराच्या स्थलकथेत त्याचे नाव ‘वेदश्रेणी’ असे सांगतात. व्युत्पत्ती म्हणून ते कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. आज अशा उपनगरात नोकरीनिमित्त आलेला पुण्याचा गृहस्थ आणि पिढ्यान्‌पिढ्या तमिळ प्रदेशात राहिलेला तंजावरी मराठी गृहस्थ एका जिन्यावर भेटू शकतात. दुसऱ्याचे बोलणे ऐकून पहिला कौतुकाने म्हणतो, “तुमची बोली गोड आहे.” या कौतुकात निकालही दडलेला असतो. ज्या बोलीविषयी हा निकाल दिला जातो, तिच्या पूर्वजांनी व्यंकोजीपासून 1855 पर्यंत तंजावरास राज्य चालविले. शहाजी राजाने (1684–1712) मराठी नाटके रचिली. बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 मध्ये भोसले कुलाचा इतिहास मराठीत कोरला गेला. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 साली निघाला. परंतु मद्रास इलाखा त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होता. शाळा नाही, नित्य लेखन तमिळ किंवा इंग्रजीत. त्यामुळे या कुटुंबांना मराठी लाभते ती केवळ घरच्या बोलण्यातून. तेथे बोली ही मराठीची शाखा नसून सारी मराठीच आहे, आणि तिला ‘अशुद्ध’ ठरविले की मुलास ती पुढे चालविण्याचे कारण उरत नाही.

शेजारच्या तमिळने हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला आहे. तेथेही लेखी व बोलीचे अंतर मोठे आहे, आणि शुद्धाशुद्धाचा वादही जुनाच. तथापि ‘एळुत्तुत्तमिळ’ आणि ‘पेच्चुत्तमिळ’ या दोन्ही नावांत ‘तमिळ’ कायम राहते. शिवाय ‘वाक्कु’ म्हणजे शब्द, वचन आणि निवडणुकीतील मतही. वेलचेरीतील तंजावरी गृहस्थ हा शब्द मतदानाच्या दिवशी सहज वापरतो. ‘बोली’तही तसाच वचनाचा अर्थ आहे, हे मात्र त्यास जिन्यावरच्या शेजाऱ्याकडून कळण्याचा संभव फार थोडा.