बाहेरून उघडणाऱ्या औषधकुप्या

केमोथेरपीचे औषध शिरेतून दिले की ते रक्ताबरोबर सर्वांगभर फिरते. डॉक्सोरुबिसिन हे जुने, खात्रीचे औषध गाठीतल्या पेशी मारतेच. पण केसांची मुळे, अस्थिमज्जा आणि हृदयाचे स्नायूही त्याच्या तडाख्यात सापडतात. हृदयाच्या काळजीपोटी एका रुग्णाला ते आयुष्यात एकूण किती द्यायचे यावर मर्यादा असते. औषध सूक्ष्म कुपीत बंद करून रक्तात सोडायचे आणि ती गाठीपाशी पोहोचली की बाहेरून इशारा देऊन उघडायची, ही कल्पना या अडचणीतून पुढे आली.

कुपीचा प्रश्न बराचसा सुटला आहे. लायपोसोम म्हणजे मेदद्रव्याच्या दुहेरी पापुद्र्याचा पोकळ गोळा, व्यास साधारण 100 नॅनोमीटर. तांबडी रक्तपेशी त्याच्या सत्तर-ऐंशीपट मोठी असते. गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असल्यामुळे हे गोळे तिथे पाझरून साठतात. लायपोसोममध्ये भरलेले डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत 1995 मध्ये मंजूर झाले. 2012 मध्ये तिथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे लिपोडॉक्स आयात करण्याची मुभा अमेरिकी औषध प्रशासनाने दिली. मात्र या कुप्या आपल्याच गतीने, हळूहळू झिरपतात.

घोडे अडते ते इशाऱ्यापाशी. शरीराच्या तापमानापेक्षा काही अंश जास्त उष्णता मिळताच औषध सोडणारे लायपोसोम 1978 मध्येच तयार झाले होते. थर्मोडॉक्स हे त्यांचे पुढचे रूप. यकृताच्या कर्करोगावरील मोठ्या चाचणीत 2013 मध्ये ते अपयशी ठरले. गाठ पुरेसा वेळ तापवली गेली नसावी असा तर्क निघाला, तो धरून दुसरी चाचणी झाली आणि तिनेही निराशाच केली. उलट ऑक्सफर्डमध्ये यकृतात गाठी असलेल्या 10 रुग्णांवर उष्णतेसाठी एकाग्र ध्वनिलहरी वापरल्या, तेव्हा गाठीतले औषध सरासरी 3.7 पट वाढले. हे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. अर्थात गाठीत औषध वाढणे आणि रुग्ण जास्त जगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा इशारा चुंबकाचा. 1996 मध्ये बर्लिनमध्ये 14 रुग्णांना औषध लावलेले चुंबकीय कण देऊन ते बाहेरच्या चुंबकाने गाठीकडे ओढण्यात आले. पण चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. खोलवरच्या गाठीला तिचा उपयोग बेताचाच. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात असे कण तापतातही. पवईच्या आयआयटीत आणि कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात या गुणाचा अभ्यास झाला. कोल्हापूरच्या गटाने निवडलेले लँथेनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइट दाद देण्याजोगे आहे: ठरावीक तापमानाला त्याचे चुंबकत्व लोपते आणि तापणे आपोआप आवरते, म्हणजे शेजारच्या निरोगी पेशी भाजण्याची भीती कमी.

तिसरा इशारा प्रकाशाचा, पण तो शरीरात फार तर सेंटिमीटरभर कामाचा. त्यामुळेच प्रकाशाच्या इशाऱ्याला मोठे यश डोळ्यात मिळाले. व्हर्टेपोर्फिन हे लायपोसोममधले औषध अमेरिकेत 2000 मध्ये दृष्टिपटलाच्या विकारासाठी मंजूर झाले. लेझरचा प्रकाश पडेल तिथेच ते काम करते.

इशारा द्यायचा तर गाठ कुठे आहे हे ठाऊक हवे आणि ती एका जागी हवी. अंगभर पसरलेल्या कर्करोगापुढे ही युक्ती लंगडी पडते. म्हणून रोग पसरण्याआधीच पकडणे महत्त्वाचे. सोलापूर जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. बार्शीत 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते, ग्रामीण भारतातली ती पहिली. बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग तिथे प्रदीर्घ काळ आघाडीवर राहिला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. या कर्करोगाला कारणीभूत एचपीव्ही विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. बाहेरून उघडणाऱ्या कुप्या अजून नेहमीच्या कर्करोग उपचारात आलेल्या नाहीत. ही तपासणी मात्र आज करून घेता येते, आणि तिशी ओलांडलेल्या स्त्रियांनी ती करून घ्यावी.