पानं मांडण्याआधी माणसं मोजावीत

लष्कर या नावातच छावणी आहे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ तळ दिला आणि पुढे त्या तळाचंच शहर झालं. तळावर लागेल तेवढंच सामान ठेवतात. गेल्या दिवाळीत आमच्या लष्करातल्या घरी भाचीने जुन्या संगणकाला हाच न्याय लावला.

"मामा, याचा लिनक्स कर्नल मी स्वतः बांधते," ती म्हणाली.

कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, कीबोर्ड, डिस्क, पडदा यांच्याशी कसं बोलायचं, हे सगळं तोच पाहतो. 1991 साली हेलसिंकीत 21 वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने तो लिहायला घेतला. 1992 मध्ये तो जीपीएल परवान्याखाली आला. म्हणून आज तो कोणीही वाचू, बदलू आणि वाटू शकतं.

तयार मिळणाऱ्या कर्नलसोबत हजारो ड्रायव्हर येतात, कारण तो कोणाच्या घरी जाणार हे बांधणाऱ्याला ठाऊक नसतं. भाचीने 'मेक लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा दिली. त्या क्षणी जे मॉड्यूल वापरात आहेत तेवढेच ही आज्ञा ठेवते. नावाच्या शेवटी तिने 'लष्कर' जोडलं आणि 'मेक' सुरू केलं. इकडे चकल्या तळून झाल्या, तरी तिकडे ओळी सरकतच होत्या. मग मॉड्यूल आणि कर्नल जागेवर बसवले, संगणक पुन्हा सुरू केला. 'यूनेम' विचारताच पडद्यावर 'लष्कर' उमटलं. पोरीचा आनंद काय सांगावा!

संध्याकाळी अप्पांनी कपाटातून पेनड्राइव्ह आणला. त्यात आईने म्हटलेल्या ओव्या आहेत. पाडव्याला ते त्या ऐकतात. पेनड्राइव्ह लावला, पण संगणक ढिम्म. अप्पा काही बोलले नाहीत. भाचीचा चेहरा मात्र उतरला.

चूक तिच्या लक्षात आली. यादी केली तेव्हा पेनड्राइव्ह कपाटात होता, म्हणून त्याचा ड्रायव्हर वगळला गेला. सुदैवाने तिने जुना कर्नल काढून टाकला नव्हता. संगणक पुन्हा सुरू करून ग्रबच्या यादीतून तिने जुना निवडला आणि खोलीत आईचा आवाज आला. ओव्या संपेपर्यंत कोणी उठलं नाही.

"अगं, पानं मांडण्याआधी माणसं मोजावीत," अप्पा हसून म्हणाले.

मुलांनो, तुम्हीही हे जरूर करून पाहा. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा. पेनड्राइव्ह, वेबकॅम, जे जे वापरता ते लावून, एकदा चालवून मगच यादी करा. आणि नव्याची खात्री पटेपर्यंत जुना कर्नल काढू नका.

दुसऱ्या दिवशी भाचीने सगळं जोडून पुन्हा 'मेक' दिलं. पेनड्राइव्ह या वेळी अप्पांनी स्वतः लावला.