जुनी डिझेल गाडी घेताना: आधी रनिंग, मग इंजिन, मग ती एक गाडी

(या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

मेलमध्ये एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतोय. "बजेट तीन-साडेतीन लाख. जुनी डिझेल गाडी घ्यायची आहे. ॲव्हरेज चांगलं हवं, कटकट नको. कुठली घेऊ?" आज यावर सविस्तर बोलू.

यातला एक मेल जत तालुक्यातल्या एका दादांचा आहे. वडिलांचं डायलिसिस सुरू आहे, आठवड्यातून दोनदा मिरजेला. जाऊन-येऊन साधारण पावणेदोनशे किलोमीटर. आत्तापर्यंत भाड्याच्या गाडीने नेत होते, ते आता झेपत नाही. ते विचारतात, स्विफ्ट घेऊ की दुसरं काही? त्यांचं उदाहरण मी अधूनमधून घेणार आहे, कारण त्यात सगळे मुद्दे येतात. पैसा मोजका आहे, रनिंग भरपूर आहे, आणि गाडी मध्येच बंद पडली तर प्रश्न फक्त टोइंगच्या बिलाचा राहत नाही.

मुळात डिझेल हवी का?

गाडीचं नाव नंतर. आधी कागद-पेन घ्या आणि महिन्याचं रनिंग लिहा. अंदाजाने नको. गेल्या दोन महिन्यांत कुठे कुठे गेलात, ते आठवून लिहा.

हिशेबासाठी पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरू. तुमच्या पंपावरचा भाव वेगळा असेल तर तो टाका. लहान पेट्रोल गाडी प्रत्यक्षात लिटरला १५ देते असं धरू, आणि तशीच डिझेल गाडी २०. कंपनीच्या कागदावर २५-२८ लिहिलेलं असतं, ते विसरा. जुन्या गाडीला एसी लावून १८ ते २२ मिळालं तर समाधान माना.

म्हणजे पेट्रोलचा खर्च किलोमीटरला सुमारे ६ रुपये ९० पैसे, डिझेलचा ४ रुपये ५५ पैसे. फरक सव्वादोन-अडीच रुपयांच्या मधला. महिन्याला ४०० किलोमीटर चालवणाऱ्याचे जेमतेम साडेनऊशे रुपये वाचतात. महिन्याला १५०० चालवणाऱ्याचे साडेतीन हजार.

आता दुसरी बाजू. डिझेलमध्ये टर्बो आहे, इंजेक्टर आहेत, हाय प्रेशर पंप आहे. ही कामं पेट्रोलपेक्षा महाग पडतात. माझा साधा नियम असा की, जुनी डिझेल असेल तर महिन्याला हजार रुपये दुरुस्तीसाठी वेगळे टाकायचे. म्हणजे ४०० किलोमीटरवाल्याची बचत तिथेच संपली. त्याने पेट्रोल घ्यावी. जतच्या दादांचं रनिंग १५००च्या आसपास जातं, आणि तेही मोकळ्या रस्त्यावर. त्यांच्यासाठी डिझेल बरोबर आहे.

"मग सीएनजी का नाही?" हा पुढचा प्रश्न येणारच. रोजच्या रस्त्यावर पंप असेल आणि रांग लहान असेल तर खर्चात सीएनजी चांगलीच. पण डिकीत टाकी असते. ज्यांना व्हीलचेअर न्यायची आहे त्यांनी हे आधी बघावं.

मॉडेल नाही, इंजिन बघा

आपल्याकडे एक डिझेल इंजिन असं आहे की जे गावोगावच्या मेकॅनिकला पाठ आहे. फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट, म्हणजे १२४८ सीसी. मारुतीने ते डीडीआयएस नावाने विकलं, टाटाने क्वाड्राजेट नावाने. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, ब्रेझा, तिकडे इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट, बोल्ट, आणि फियाटची स्वतःची पुंटो आणि लिनिया. सगळ्यांत मूळ इंजिन हेच. ते आपल्या पुण्याजवळ रांजणगावलाही बनायचं. मारुतीने एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-६ आल्यावर, डिझेल गाड्या बंद केल्या, तरी तोवर रस्त्यावर इतक्या गाड्या आल्या होत्या की पार्ट्सची अडचण नाही.

याचा फायदा भावात होतो, तो बघा. स्विफ्ट आणि डिझायरला मागणी प्रचंड, म्हणून त्यांचा जुना भावही चढा. त्याच इंजिनाची झेस्ट किंवा बोल्ट त्याच वर्षाची, तेवढ्याच रनिंगची, बहुतेक वेळा स्वस्त मिळते. रिट्झकडेही लोकांचं लक्ष कमी जातं. दिसायला ती थोडी वेगळीच, पण सीट उंच आहे. गुडघे दुखणाऱ्या किंवा थकलेल्या माणसाला त्यात बसणं-उतरणं सोपं जातं. स्विफ्टमध्ये खाली वाकून बसावं लागतं. जतच्या दादांना माझं सांगणं एवढंच की, सौदा ठरवण्याआधी वडिलांना एकदा त्या गाडीत बसवून बघा. डायलिसिसनंतर माणूस थकलेला असतो. पुढची सीट किती मागे झुकते, एसी किती लवकर गार करतो, हे त्यांच्यासाठी दोन किलोमीटर जास्तीच्या ॲव्हरेजपेक्षा मोठं आहे.

दुसरे पर्याय थोडक्यात. टोयोटाची इटिऑस आणि लिव्हा, १.४ लिटर डिझेल. इंजिन दणकट, पण यातल्या बऱ्याच गाड्या टॅक्सीत फिरलेल्या असतात. ह्युंदाईची ग्रँड आय१० आणि एक्सेंट, १.१ लिटर तीन सिलिंडर. थरथर जरा जास्त, बाकी ठीक. होंडा अमेझ, १.५ लिटर. आवाज मोठा, ॲव्हरेज उत्तम. फोर्डची फिगो आणि अस्पायर चालवायला छान, पण फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, त्यामुळे घेण्याआधी जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघा. शेव्हर्ले तर २०१७ अखेर आपल्याकडची विक्रीच थांबवून गेली. ती कितीही स्वस्त मिळाली तरी ज्याला दवाखान्याची वेळ पाळायची आहे त्याने घेऊ नये.

एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा. १.३ मल्टिजेटला टायमिंग चेन आहे. फोर्डच्या डिझेलला आणि डस्टर-व्हेरिटोच्या १.५ लिटर रेनो इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट ठरावीक किलोमीटरला बदलावाच लागतो. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिनच खोलावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल मालकाकडे नसेल तर बदललाच नाही असं समजा आणि तो खर्च भावातून कमी करून मागा.

गाडी कशी बघायची

मालकाला आदल्या दिवशी सांगा, "मी सकाळी येतो, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम असेल तर का, ते विचारा. थंड इंजिन खोटं बोलत नाही.

चावी फिरवली की कान द्या. पहिले काही सेकंद साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, चेन सैल पडली असावी.

मग धूर. सकाळी थोडा पांढरा धूर येऊन थांबला तर चालतं. इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर कूलंट किंवा इंजेक्टरची शंका घ्या. निळा म्हणजे ऑइल जळतंय. रेस केल्यावर दाट काळा म्हणजे इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरकडे बघायला हवं.

इंजिन सुरू असताना ऑइल भरायचं झाकण उघडा. हलकी वाफ दिसली तर ठीक. फुसफुस करत जोरात धूर येत असेल, झाकण जागेवर नाचत असेल, तर इंजिन झिजलंय. ती गाडी सोडा. डिपस्टिकवरचं ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नका. डिझेलचं ऑइल बदलल्यावर लगेचच काळं होतं. ते चिकट, गाळासारखं आहे का, एवढं बघा.

चालवताना चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढतो पण गाडी पळत नाही, तर क्लच गेलाय. डिझेलचा क्लच महाग असतो, तो भावात धरा.

मीटरवर विश्वास ठेवू नका. मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही. ६० हजार दाखवतोय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, स्टिअरिंगची कातडी निघालेली, ड्रायव्हर सीट बसलेली, असं असेल तर गणित जुळत नाही. गाडीचा नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुनी हिस्ट्री विचारा. टायरवर चार आकडी तारीख असते. ३२१८ म्हणजे २०१८चा ३२वा आठवडा. गाडी २०१६ची, रनिंग ३० हजार, आणि टायर २०२१चे? मग टायर इतक्या लवकर का बदलले, हे विचारायचं.

पुरातली गाडी

हा मुद्दा आपल्याकडे टाळून चालणार नाही. ऑगस्ट २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ला चिपळूणला किती गाड्या पाण्याखाली गेल्या, ते आपण पाहिलंय. अशा गाड्या धुऊन-पुसून, नवीन सीटकव्हर घालून विकायला येऊ शकतात. त्या सुरू होतात, चालतातही. वायरिंग मात्र हळूहळू सडतं आणि नेमक्या वेळी दगा देतं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि आतल्या भागावर चिखलाची रेघ आहे का ते बघा. सीटखालचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, गालिच्याखाली हात घालून ओल लागते का. काचा बंद करून दहा मिनिटं बसा. कुबट वास परफ्यूमखाली फार वेळ लपत नाही.

कागद

आरसीवर नाव समोरच्याचंच आहे ना? गाडी आधी टॅक्सी पासिंगची होती का? कर्ज असेल तर बँकेचं एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म हवा. ट्रान्सफरसाठी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. बाकी ई-चलान मालकाकडून आधी भरून घ्या. एमपरिवाहन ॲपवर नंबर टाकून बरंचसं घरबसल्या कळतं.

विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस बघा. सहा-सात वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर अलीकडे क्लेम घेतलाय का, कशासाठी, ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही. आणि विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला द्या. नाहीतर अपघात झाल्यावर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते. २०१२ची गाडी २०२७ला पुन्हा पासिंगला जाणार, शिवाय पर्यावरण कर. म्हणून या बजेटमध्ये मी २०१५ ते २०१९ मधली गाडी शोधायला सांगतो. त्यानंतरच्या बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. गावातल्या गावात फिरवली तर तो चोंदतो, त्याचा खर्च मोठा.

दिल्लीत १० वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे दिसतात. महाराष्ट्रात सरसकट तसा नियम नाही, पण तिथल्या आरटीओचं एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बरीच उतरते. कागदांसाठीच्या फेऱ्या वेगळ्या.

साडेतीन लाख म्हणजे गाडीचे साडेतीन लाख नव्हेत

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी. हातात साडेतीन लाख असतील तर गाडी पावणेतीन ते दोन लाख ऐंशी हजारांपर्यंतची बघा. पंधरा-वीस हजार ट्रान्सफर आणि विम्याला. उरलेले पन्नास हजार पहिल्या महिन्यासाठी. घेतल्या घेतल्या ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, बेल्ट बदला. बॅटरी आणि टायर तपासा, लागले तर घाला. विकणारा "कालच सर्व्हिस केलीय" म्हणाला तरी करा. डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायला मेकॅनिकला आठवणीने सांगा.

त्याच मेकॅनिकला गाडी बघायलाही घेऊन जा. हजार-दीड हजार घेईल, देऊन टाका. पण मेकॅनिक तुमचा असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

तर जतच्या दादांना आणि तुम्हा सगळ्यांना उत्तर असं. रिट्झ किंवा झेस्ट आधी बघा, मग स्विफ्ट-डिझायर. पण चांगली सांभाळलेली, बिलं ठेवलेली एक झेस्ट आणि हिस्ट्री नसलेली चकचकीत स्विफ्ट समोर आली तर झेस्ट घ्या. तीन गाड्या नापसंत कराव्या लागल्या तरी करा. टोकन देण्याची घाई विकणाऱ्याला असते, आपल्याला नको.

तुम्ही बघून आलेल्या गाडीबद्दल शंका असेल तर वर्ष, रनिंग, कितवा मालक आणि थंड इंजिन सुरू करतानाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही घेऊ. तोपर्यंत, सावकाश चालवा. भेटू.