तबकडीतील गाणे आणि विजेची घरघर

भारतात तबकड्यांसाठी गाणे मुद्रित करण्याच्या व्यवसायास १९०२ साली कलकत्त्यात गोहरजानसारख्या गायिकांच्या गायनाने आरंभ झाला. तेव्हापासून पुढे कित्येक दशके आपले संगीत आधी लाखेच्या आणि मग विनाइलच्या तबकड्यांवर साठत गेले. बालगंधर्वांची पदे, हिराबाई बडोदेकरांची भजने, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर १९५५ साली सुरू झालेले आणि पुढे तबकड्यांवर निघालेले गीतरामायण, हा ठेवा अजून पुष्कळांच्या कपाटांत आहे. लाखेची तबकडी हातून पडली की फुटते. विनाइलची प्रत्येक वाजवणीबरोबर थोडी झिजते. म्हणून ती एकदा संगणकावर नीट उतरवून ठेवावी, हे शहाणपणाचेच होय. पण काम सुरू करताच बहुतेकांना एक विघ्न आडवे येते. गाण्यामागे अखंड 'हूं' असा आवाज ऐकू येऊ लागतो.

अंबरनाथजवळच्या आनंदनगरात कारखान्यांची वसाहत असल्याने हा दोष कारखान्यांच्या माथी मारण्याचा मोह येथे कोणालाही होईल. परंतु या घरघरीचे मूळ बहुधा आपल्याच टेबलावर असते, आणि ते शोधता येते.

आधी कारण पाहू. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. सुईच्या मागील पिकअपमधून जो संदेश निघतो तो जेमतेम पाच मिलिव्होल्टचा. त्यास शंभरपटीच्या आसपास मोठे केल्यावाचून तो संगणकाच्या कामाचा होत नाही. शिवाय विनाइलच्या तबकडीवर खर्जाचे स्वर मुद्दाम दाबून कोरलेले असतात, नाहीतर खाचा फार रुंद होतील. वाजवताना प्रीॲम्प ते पुन्हा उचलून धरतो. ५० आंदोलनांपाशी ही उचल मध्यम स्वरांच्या मानाने सुमारे सातपट असते. म्हणजे विजेचा कणभर अंश तारेत शिरला तरी तो तेथे मणभर होऊन बाहेर पडतो.

आता शोध. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा पहिला नियम. आवाज तसाच ठेवून सुई वर उचला. घरघर थांबली, तर दोष यांत्रिक आहे: मोटरचा कंप सुईपर्यंत पोचतो आहे, किंवा स्पीकरचा आवाज टेबलातून परत तबकडीत शिरतो आहे. टर्नटेबल भक्कम, वेगळ्या फळीवर ठेवा आणि मुद्रण करताना हेडफोनने ऐका.

सुई उचलूनही घरघर राहिली, तर दोष विजेचा. टर्नटेबलमधून एक बारीक स्वतंत्र तार निघते. ती प्रीॲम्पच्या अर्थच्या स्क्रूला घट्ट बसली आहे काय, हे पाहा. कित्येकदा एवढ्यानेच काम होते. नंतर लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. घरघर गेली, तर समजावे की संगणक आणि प्रीॲम्प यांच्या अर्थिंगचे दोन मार्ग मिळून एक वेढा तयार झाला होता. यावर उपाय असा की सर्व उपकरणे एकाच सॉकेटवरच्या एकाच पट्टीला लावावीत. मात्र प्लगची अर्थची पिन कोणी काढून टाकू नये. घरघर त्याने थांबेलही, पण उपकरणाच्या पत्र्यात वीज उतरली तर ती हात लावणाराच्या अंगातून वाट काढील. गाण्याच्या लोभाने असा सौदा करू नये.

अजून आवाज राहिलाच, तर डावा आणि उजवा प्लग प्रीॲम्पपाशी अदलाबदल करून पाहा. घरघर बाजू बदलते, तर दोष पिकअपमध्ये किंवा त्याच्या तारेत; बदलत नाही, तर पुढल्या यंत्रात. शेवटी प्रीॲम्पला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर हातभर दूर सारा. त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून वीज तारेला न शिवताही आत येते.

इतके करण्यापेक्षा संगणकातील गाळणीने घरघर पुसून टाकावी, असे वाटणे साहजिक आहे. येथेच जपावयास हवे. विजेची घरघर ५० आंदोलनांवर थांबत नाही. १०० आणि १५० वरही तिचे पडसाद असतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याकडे पाहा. त्याची पंचमाची तार सुमारे १०४ आंदोलनांची आणि खर्जाची सुमारे ६९ ची. १०० च्या आसपासची गाळणी जराशी रुंद लागली, की घरघरीबरोबर तंबोऱ्याचा पंचमही पातळ होतो. गवय्याच्या पाठीमागचा आधारच निघून जातो, आणि ऐकणारास वाटते की जुने मुद्रणच असे कोरडे होते. गाळणीने गेलेले नाद परत आणता येत नाहीत. म्हणून दोष उगमापाशी काढणे हाच खरा उपाय.

तेव्हा आम्ही असे सुचवतो: आधी घरघर शोधून काढावी, मग तबकडी मऊ ब्रशने पुसून मुद्रण करावे. मूळ मुद्रणाची एक प्रत कसलीही गाळणी न लावता २४ बिटांची ठेवावी, तिची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असू द्यावी, आणि सफाईचे प्रयोग तिसऱ्या प्रतीवर करावेत. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना सुई अधिक रुंद लागते. विनाइलची सुई तेथे वापरू नये.

कालांतराने कोणाजवळ आजच्याहून चांगली गाळणी असेल. त्याला काम करण्यास मूळ आवाज जसाच्या तसा मिळावा, एवढी तरतूद आपण आज केली की पुरे.