तळ्याच्या वाळूतली चांदी

अमेरिकेत जुनी नाणी शोधणाऱ्यांना १९६४ हे साल तोंडपाठ असतं. त्या सालापर्यंतचा दहा सेंटचा डाइम, पंचवीस सेंटचा क्वार्टर आणि अर्ध्या डॉलरचं नाणं यांत ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं असे. १९६५च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी काढून टाकली, अर्ध्या डॉलरमधली ४० टक्क्यांवर आणली. १९७०नंतर तीही गेली. लोकांनी मग चांदीची नाणी घरात ठेवली आणि तांबं-निकेलची बाजारात खपवली. पाहता पाहता चांदी व्यवहारातून नाहीशी झाली. म्हणूनच एखाद्या तळ्याच्या काठी, पोहण्याच्या जागी, चांदीचा डाइम हाती आला, की तो बहुधा साठचं दशक सरण्याआधीच कुणाच्या तरी हातून निसटला असणार, असं खुशाल धरून चालावं.

अशा शोधासाठी तळंही तसंच हवं. तसं एक न्यू जर्सीत आहे, जिथे मराठी माणसांची वस्ती दाट आहे. एडिसनच्या बाजूने निघालं तर साधारण तासाभरावर होपॅटकाँग हे त्या राज्यातलं सर्वांत मोठं गोड्या पाण्याचं तळं लागतं. मॉरिस कालव्याला पाणी पुरवण्यासाठी एकोणिसाव्या शतकात इथे धरण बांधलं आणि दोन लहान तळ्यांचं एक मोठं तळं झालं. १८८२मध्ये रेल्वे आली आणि सगळं चित्रच पालटलं. शहरातली कुटुंबं सुट्टीला आगगाडीने नोलान्स पॉइंटला उतरू लागली, काठाने हॉटेलं उभी राहिली, पुढे बर्ट्रंड आयलंडवर पाळणे फिरू लागले. ती करमणूक-बाग १९८३मध्ये बंद पडली. ‘द पर्पल रोझ ऑफ कैरो’ या चित्रपटात ती पाहायला मिळते. पाळणे गेले, पण तिथे पोहायला आलेल्यांचं हरवलेलं सामान तळाशी राहिलं.

हरवतं कसं, हे साधं आहे. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी सैल होते. वाळूत टॉवेल पसरून कपडे बदलताना खिशातली मोड सांडते. धक्क्यावरून कुणी नाणं फेकायचं आणि पोरांनी बुडी मारून ते आणायचं, हा खेळ तर जगभरचा. आपल्या घाटांवरही तो चालतो. त्यातली काही नाणी पोरांच्या हाती लागत नाहीत. शिवाय लॉकरच्या किल्ल्या, क्रमांक कोरलेले पितळी बिल्ले, शिशाची वजनं असं बरंच काही.

पडलेलं नाणं वाळूवर फार काळ राहत नाही. लाटांनी आणि पोहणाऱ्यांच्या पायांनी वाळू सतत हलते. वाळूपेक्षा चांदी सुमारे चौपट घन, त्यामुळे नाणं खाली खाली जातं आणि चिकणमातीचा किंवा गोट्यांचा कठीण थर लागला की थांबतं. त्यात काठाला दर काही वर्षांनी नवी वाळू टाकतात. म्हणून अनुभवी माणूस आधी वाळूची जाडी पाहतो. हातभर मऊ वाळूवर धातुशोधक यंत्र फिरवून काही होत नाही. कठीण थर वर आलेली जागा, जुन्या धक्क्याचे खांब, दोरी बांधलेल्या बोयांच्या अलीकडची पट्टी, ही त्याची ठिकाणं.

यंत्राची गोष्ट एका दुःखद प्रसंगाशी जोडलेली आहे. १८८१च्या जुलैत राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ती शरीरात कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतःचं उपकरण घेऊन आले. गोळी सापडली नाही आणि सप्टेंबरात गारफील्ड वारले. पण तत्त्व पक्कं होतं. पुढे जर्मनीतून आलेले अभियंते गेरहार्ड फिशर यांनी १९३७मध्ये धातुशोधकाचं पेटंट मिळवलं. तत्त्व आजही तेच: एका गुंडाळीतून बदलता चुंबकीय प्रभाव जमिनीत जातो, धातूत त्यामुळे भोवरे घेणारा विद्युतप्रवाह उठतो, आणि त्याचा प्रतिसाद दुसरी गुंडाळी टिपते. प्रतिसाद किती उशिरा आला यावरून धातूचा अंदाज बांधता येतो. समुद्राचं खारं पाणी स्वतःच वीजवाहक असल्याने तिथे साधं यंत्र गोंधळतं. गोड्या पाण्यात ती अडचण जवळजवळ नसते. जमिनीवरच्या बागा सत्तरच्या दशकापासून शोधकांनी पिंजून काढल्या. पाण्याखालची वाळू मात्र जलरोधक यंत्रं स्वस्त होईपर्यंत बरीचशी राहून गेली.

शोधकाला सर्वांत छळतो तो जुन्या डब्यांचा ओढून काढायचा अल्युमिनियमचा टॅब. साठच्या दशकात असे डबे आले आणि लोक टॅब तोडून जिथल्या तिथे टाकत. डब्याला चिकटून राहणारा टॅब १९७५च्या सुमारास आला, तोवर तळी भरली होती. सोन्याच्या अंगठीचा आणि या टॅबचा आवाज यंत्रात जवळजवळ सारखाच येतो. सोनं हवं असेल तर प्रत्येक टॅब खणावा लागतो, त्याला तोड नाही. चांदीचं तसं नाही; तिचा सूर उंच आणि स्वच्छ.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त टपाल कर्मचारी सप्टेंबरनंतर, पोहणारे परतले की, कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. छातीपर्यंतचा रबरी पोशाख, कानाला हेडफोन, हातात लांब दांड्याचा भोकंभोकं असलेला स्टीलचा स्कूप. तसा उंच सूर आला, की ते पायाने जागा दाबून धरतात, स्कूप पंजाच्या पुढे रोवतात आणि वर ओढून पाण्यात हलवतात. वाळू भोकांतून गळते, उरतात गोटे, एखादा शिंपला आणि मधोमध काळं पातळ चकतीसारखं काहीतरी. गाळातल्या गंधकाने चांदी काळी पडते. ते नाणं घासत नाहीत. घासलं की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत गेली. नुसत्या पाण्याखाली धरलं, तर पंखांची टोपी घातलेल्या स्वातंत्र्यदेवतेचा चेहरा उमटला: १९१६ ते १९४५ या काळातला डाइम. १९८२नंतरचे जस्ताचे सेंट मात्र कुरतडल्यासारखे निघतात, आणि १९४३चे पोलादी सेंट तर गंजाचे गोळेच. खड्डा ते लगेच बुजवतात, कारण पुढच्या उन्हाळ्यात तिथे मूल पाय ठेवणार असतं.

परवानगीचा प्रश्न आधी, यंत्र नंतर. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत धातुशोधक वापरणं तर सोडाच, सज्ज स्थितीत बाळगणंही गुन्हा आहे. १९७९च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याखाली संघराज्याच्या जमिनीवरचे शंभर वर्षांहून जुने अवशेष काढता येत नाहीत. राज्यांचे नियम निरनिराळे. आपल्याकडे १८७८चा निखात निधी कायदा लागू आहे: जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचं जुनं धन मिळालं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. हौसेने यंत्र मागवणाऱ्याने हे आधी वाचावं.

मला या छंदात चांदीपेक्षा जागा मोलाची वाटते. १९०६मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. ती सुटी सुटी सराफाकडे गेली असती, तर एका राज्याने दुसऱ्याचा पाडाव केल्याचा एवढा ठसठशीत पुरावा हरवला असता. तळ्यातली नाणी तसा दडवलेला ठेवा नव्हे. ती एकेकट्या, साध्या माणसांकडून सुट्टीच्या दिवशी निसटलेली. त्या माणसांच्या नोंदी कुणी ठेवल्या नाहीत. पण चांदीची नाणी आजच्या पोहण्याच्या जागेपासून दूर एका पट्ट्यात मिळू लागली, तर पूर्वीचा धक्का तिथे असावा. बिल्ले एकाच कोपऱ्यात मिळाले, तर कपडे बदलायच्या खोल्या तिथे.

त्या टपाल कर्मचाऱ्यांच्या वहीत प्रत्येक नाण्यापुढे तारीख, खोली आणि काठावरच्या कुठल्या झाडापासून किती पावलं, हे लिहिलेलं असतं. होपॅटकाँगचं पाणी दर पाच वर्षांनी हिवाळ्याआधी ६० इंच खाली आणतात, तेव्हा बरेच लोक काठावर उतरतात आणि त्यांतले फार थोडे काही लिहून ठेवतात. तळ्याच्या टोकाला राज्य उद्यानात एक छोटं इतिहास-संग्रहालय आहे. अशा वह्यांच्या प्रती तिथे जमा व्हाव्यात, असं मी त्या टपाल कर्मचाऱ्यांना सुचवलं आहे. नाणी त्यांनी खुशाल स्वतःकडे ठेवावीत.