गाडी की रस्ता?

हसनाबादच्या बसथांब्यावर थोडा वेळ उभे राहिलात, तर गाड्यांबद्दलच्या गप्पा तुमच्या कानांवर पडतातच. कोणी म्हणतो, "जीपसारखी गाडी नाही." शेती करणारे चाचा म्हणतात, "ट्रॅक्टरपुढे सगळे फिके." कॉलेजात जाणाऱ्या मुलाला मोटारसायकल हवी असते. एखादी आजी म्हणते, "मला आपली एस.टी.च बरी. अर्ध्या तिकिटात भोकरदनला नेते." प्रत्येकाचे म्हणणे त्याच्यापुरते खरे असते. पण या गप्पांत एक गोष्ट बहुधा राहून जाते. ती म्हणजे रस्ता.

आपल्या भागातील बरीचशी जमीन काळी आहे. बेसाल्ट नावाच्या काळ्या खडकाची हजारो वर्षे झीज होऊन ही माती तयार झाली. कापसाला ती चांगली मानवते. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण जास्त असते. चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात. ते पाणी शोषून घेतात आणि फुगतात. उन्हाळ्यात माती वाळली, की ती आकसते. म्हणूनच वैशाखात शेताला भेगा पडलेल्या दिसतात. पावसाळ्यात तीच माती लोण्यासारखी मऊ आणि निसरडी होते.

अशा मातीत गाडी का फसते, ते आता पाहू. साबण लागलेल्या हाताने बरणीचे झाकण उघडून पाहा. हातात जोर असतो, पण पकड नसते. त्यामुळे हात नुसता घसरतो. चाकाचेही तसेच आहे. टायरवर खाचा असतात. त्या खाचांमुळे टायर जमिनीला पकडून ठेवतो. चिकट माती खाचांत भरली, की टायर गुळगुळीत होतो. मग चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि आणखी खोल रुतते. साध्या गाडीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. त्यांतले एक चाक घसरू लागले, की बरीचशी शक्ती त्याच्या फिरण्यातच वाया जाते.

यावर उपाय म्हणून चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्या तयार झाल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने वापरलेली जीप ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध गाडी होय. 1945 साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी मिळून एक कंपनी काढली. स्वातंत्र्यानंतर याच कंपनीने मुंबईत जीपगाड्या जोडून विकायला सुरुवात केली. आज शहरांतील काही हौशी लोक अशा गाड्या घेऊन मुद्दाम चिखलात, ओढ्यात आणि डोंगरावर जातात. या छंदाला ऑफ-रोडिंग म्हणतात. ट्रॅक्टरचे मागचे चाक मोठे असते आणि त्याच्या खाचा खोल असतात. म्हणून तोही चिखलातून बराच पुढे जातो. परंतु चिखल फारच खोल असेल, तर चारही चाके घसरतात आणि ट्रॅक्टरही रुतून बसतो.

हौशी माणसाची गाडी फसली, तर तो हसून दोर बांधतो आणि दुसऱ्या गाडीने ती ओढून काढतो. मळ्यात राहणाऱ्या कुटुंबाला असे हसता येत नाही. पावसाळ्याच्या रात्री घरात कोणी आजारी पडले, तर रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तेथपर्यंत रुग्णाला बाजेवर घालून चिखलातून न्यावे लागते. शाळेत जाणारी मुलगी चपला हातात घेऊन चालते, नाहीतर त्या दिवशी शाळा चुकवते. अशा वेळी गाडी किती भारी आहे, याला काही अर्थ उरत नाही.

मग रस्ता चांगला कसा होतो? आधी वरची काळी माती काढतात. तिच्या जागी मुरूम आणि खडी टाकून दाबतात. मुरूम काळ्या मातीसारखा फुगत नाही. रस्ता मध्यभागी थोडा उंच ठेवतात, म्हणजे पाणी दोन्ही कडांना वाहून जाते. बाजूला नाल्या खोदतात. नाली बुजली, तर पाणी रस्त्यात मुरते आणि नवा रस्ताही खचतो. शेतांकडे जाणाऱ्या पाणंद रस्त्यांसाठी महाराष्ट्र शासनाने 2021 साली एक योजनाही सुरू केली. पण नाली साफ ठेवणे आणि पाणंदीवर अतिक्रमण न करणे, ही कामे गावानेच करायची असतात.

आपल्याच जालना जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. मुंबई ते नागपूर हा 701 किलोमीटरचा मार्ग 2025 साली पूर्ण झाला. त्यावर मोटारी ताशी 120 किलोमीटर वेगाने जाऊ शकतात. तीच मोटार पाणंदीत वळवली, तर पहिल्याच पावसात अडकेल. गाडी एकच, फरक फक्त रस्त्याचा!

पुढचा काळ विजेवर चालणाऱ्या गाड्यांचा आहे, असे म्हणतात. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली. त्याच मार्गावर 1 जून 2022 रोजी एस.टी.ची 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. विजेची बस धूर सोडत नाही, ही मोठी सोय आहे. पण काळी माती इंजिन पाहत नाही. डिझेलची असो वा विजेची, चिखलात तिला सगळ्या गाड्या सारख्याच!

'रस्ता' हा शब्द फारसीतून आला आणि उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत रुळला. शब्द जसा दोघींचा, तसा गावचा रस्ताही सर्वांचा. मोटारवाल्याचा, बैलगाडीवाल्याचा आणि पायी चालणाऱ्याचाही. म्हणून मित्रांनो, यापुढे कोणी विचारले, "गाडी कोणती चांगली?" तर आधी त्यालाच विचारा, "चाचा, रस्ता कसा आहे?"