दुष्काळी गावांतील वृद्ध स्त्रिया आणि आमची मदत

दुष्काळ म्हटला की दात्यांच्या डोळ्यांपुढे खडी फोडणारा मजूर व हाडे निघालेली गुरे उभी राहतात. जिला कामावर जाता येत नाही ती घरची म्हातारी मात्र हिशेबाबाहेर राहते. तिजविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीस जातात. मागे उरतात नातवंडे, दोन शेळ्या आणि आजी. पुढचे पाच-सहा महिने ते घर तिच्यावर चालते. लेकराचा ताप तिने ओळखावयाचा, शेजारच्या अडलेल्या बाळंतिणीपाशी तिनेच बसावयाचे. दुकानाची उधारीही तिच्याच शब्दावर मिळते, हे व्यापारी बंधूंस आम्ही सांगावयास नको. ज्वारीची निवडक कणसे बियाण्यास राखून ठेवणे, कडधान्यास राख चोळून ते मडक्यात भरणे, पहिल्या पावसानंतर तांदुळजा, घोळ, कुर्डू, तरोटा कोवळा असता खुडणे, ही विद्या तिचीच. धान्य आटले की पहिली भाकरी कमी होते ती तिची. बहुधा ती स्वतःच कमी करते, म्हणून कोणास कळत नाही. टँकर विहिरीत ओतला जातो, तेव्हा तरण्या हातांचे पोहरे आधी भरतात. तिच्या वाट्यास गाळ.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर नेमलेल्या कमिशनाने १८८० साली, कष्ट करण्यास असमर्थ असलेल्यांस विनामूल्य साह्य द्यावे, असे ठरविले. तत्त्व जुनेच आहे. आज पासष्ट वर्षांवरील निराधारांस श्रावणबाळ योजनेचे वेतन आहे. परंतु त्यास वयाचा व उत्पन्नाचा दाखला हवा, बँकेचे खाते हवे, आणि कष्टाने झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रास पटावयास हवा. हक्क तहसील कचेरीत, म्हातारी वाडीवर! कायद्याचा अभ्यास केलेल्या आम्हांस हे लिहिताना संकोच वाटतो.

यास्तव समितीचे मागणे असे: ज्वारी, तूरडाळ व गोडेतेल यांचा शिधा दरमहा म्हातारीच्या नावे, तिच्या दारी पोहोचावा, कुटुंबाच्या नावे नव्हे. व्यापाऱ्यांनी किडका माल देऊ नये. ज्यांच्या विहिरींस पाणी आहे त्या जमीनदारांनी एक बैलगाडी व एक गडी द्यावा. दाखल्यांचे कागद आम्ही विनाशुल्क करून देऊ. तिने राखलेले बियाणे मात्र दान म्हणून मागू नये, रोख किंमत देऊन घ्यावे.